वस्तादांपुढं

डॉक्टर स्नेहल आपल्या कोल्हापुरी ठसक्यातच रील करायची. परवाच्या रीलमध्ये तिनं सांगितलं, "झोपेत वीर्य गेलं म्हणून पैलवानाची ताकद जात न्हाय. उगं भिऊ नका." खाली शिव्यांची रास पडली. सगळ्यात जास्त लाइक एका कॉमेंटला होते, "तालमीतलं तुला काय कळतंय? तुझं सासरं एवढं वस्ताद हायत, त्यांच्यापुढं बोलून दाखव की."

पुढचं रील सुरू करण्याआधी स्नेहलनं ती कॉमेंट मोठ्यानं वाचली आणि समोर मोबाईल धरून बसलेल्या माणसाला विचारलं, "मामा, ह्याला काय उत्तर देऊ?"

तिचे सासरे बाळासो वस्ताद उठले. डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाले, "पोरी, धर ह्यो मोबाईल. तालमीतलं आता मी सांगतो."