बोथट सुरी

शैलाताई सकाळपासून सुरी बोथट करायला पाट्यावर घासत होत्या. पण आता सगळ्यांच्याच सुऱ्यांवर असतो तसा हिच्यावरही बोरॉन कार्बाइडच्या भुकटीचा थर होता, जवळजवळ हिऱ्याइतका कठीण. चरे पडले ते पाट्यालाच.

धार लावणारे रज्जाकभाई मागच्या खेपेला म्हणाले होते, "या गल्लीत काम उरलं नाही, ताई. आता आणखी एकदाच येईन." त्यांच्याशिवाय ताईंच्या दारी कुणीच येत नसे.

ते आले. सुरीवर अंगठा फिरवताच रक्ताचा थेंब आला.

"अगदीच गेलीय ना धार?" ताईंनी नजर चुकवत विचारलं.

रज्जाकभाईंनी अंगठा तोंडात घातला. "पार गेलीय. वेळ लागेल, चहा टाका. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बघावी लागेल."