पहिल्या हक्काचे पेढे

निकिता आणि प्रज्ञेशचं लग्न ठरलं. पण त्याची नोंद कुठेच नाही, त्यामुळे ते ठरलेलंच नाही असं समजून पुढे जाऊ.

निकिता एका फायनान्स कंपनीत होती. छोट्या आयटी कंपन्या आपल्या बिलांचं येणं तारण ठेवून कर्ज घ्यायच्या आणि निकिता त्या तारणाची नोंदणी करायची. एकच येणं दोघांकडे तारण पडलं, तर आधी नोंदवेल त्याचा हक्क पहिला.

"रविवारी ताई मला कात्रजचं स्थळ दाखवणार आहे," प्रज्ञेश म्हणाला.

"आपलं ठरलंय हे घरी सांगितलंस?"

"अजून नाही."

"म्हणजे नोंदणीच नाही! त्यांनी आधी पेढे वाटले, तर बस मग बोंबलत."

निकिता किलोभर पेढे घेऊन थेट खडकीला त्याच्या घरी. दार दीपमालाताईनंच उघडलं.

"घ्या ताई. तुमच्या भावाशी माझं लग्न ठरलंय. म्हटलं, तुमच्या स्थळाआधी नोंदवून टाकावं."

ताईनं पेढा खाल्ला, नियम नीट समजून घेतला, आणखी दोन पेढे खाल्ले आणि कात्रजला फोन करून नकार कळवला.

सोमवारी निकिताच्या टेबलावर ताईचा अर्ज होता : "सदर विवाहातून भविष्यात होणाऱ्या बाळाचे नाव ठेवण्याचा हक्क आत्या या नात्याने माझा आहे. आमच्या चुलत बहिणी जाग्या होण्यापूर्वी तो आपल्या कार्यालयात प्रथम क्रमांकाने नोंदवून घ्यावा, ही नम्र विनंती."