युटिलिटी

ठेकेदार महिपतीनं कस्तुराबाईच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं फुली मारली आणि गड्याला घण आणायला पाठवलं. खाट आधीच अंगणात काढली होती. कस्तुराबाई तिच्यावर बसून होती. ती भिंतीकडं बघत नव्हती, सुनेकडं बघत होती, आणि तिचं मस्तक पेटलं होतं.

वलवणातलं हे घर नवऱ्याच्या मागं तिनं एकटीनं उभं केलं होतं. आठवडाभर चिक्कीच्या कारखान्यात गुळाच्या वाफा खायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गवंड्याच्या हाताखाली स्वतः विटा वाहायच्या. आता निलेशला, तिच्या एकुलत्या लेकाला, त्या घराचा पर्यटकांसाठी होमस्टे करायचा होता. महिनाभर घरात बांधकामाचे इंग्रजी शब्द नुसते उतू चालले होते. आणि त्यांचे अर्थ सांगायला यायची अनिता, लोणावळ्याची शिकलेली सून.

कस्तुराबाई भाकरी थापायला बसली की ही शेजारी येऊन टेकायची. ओपन किचन म्हणजे, आई, ही भिंत जाणार, तुम्ही भाकरी थापताना बाहेरच्या माणसांना दिसणार. डेक म्हणजे परसातला तुमचा शेवगा तोडणार आणि तिथं लाकडी फळ्या ठोकणार. सगळं सावकाश, दोन-दोनदा. वर विचारायची, कळलं ना? कस्तुराबाईला वाटायचं, हातातलं उलथनं हिला फेकून मारावं. घर घेतेस तर घे, रोज खिजवतेस कशाला? पण ती तोंडातून ब्र काढायची नाही. या पोरीला आपलं दुखणं दिसू द्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

काल अनितानं शेवटचा शब्द सांगितला. खोलीच्या जागी युटिलिटी होणार. म्हणजे धुण्याभांड्यांची मोरी. वॉशिंग मशीन तिथं बसेल आणि मशीनच्या बाजूला तुमची खाट.

गडी घण घेऊन आला. महिपतीनं रीत म्हणून विचारलं, "मावशी, करू का सुरू?"

"मला काय इचारतोस? तिला इचार," कस्तुराबाई म्हणाली. "घर गिळलं तिनं. आन् रोज मला घास दाखवून गिळलं."

निलेशनं फोनमधून मान वर केली आणि आईचं मनावर घेऊ नका, चालू करा, असं महिपतीला सांगितलं.

गड्यानं घण उचलला. तेवढ्यात अनिता भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिची नजर सासूवरून हलली नाही.

"आई, मी महिनाभर यांच्याशी भांडतेय. आईचे कान भरलेस तर माहेरचा रस्ता धरायचा, असं बजावलंय यांनी मला. म्हणून कान भरले नाहीत, नुसते अर्थ सांगत राहिले. घर तुमच्या नावावर आहे. वाटलं, एखाद्या शब्दाला तरी तुम्ही नाही म्हणाल."

निलेशनं फोन खिशात घातला.

कस्तुराबाई खाटेवरून उठली. राग होता तेवढाच होता, फक्त आता त्याला त्याचं माणूस सापडलं होतं.

"न्हाई," ती लेकाला म्हणाली.