हौदातली तिसरी जागा

मिरजेच्या एका प्रयोगशाळेत संयोगिता उंदरांच्या स्मरणशक्तीवर प्रबंध लिहीत होती. गोल हौदात दुधाळ पाणी आणि पाण्याखाली उंदराला टेकण्यापुरता एक छोटा पाट. तो दिसत नसला तरी रोज पोहून उंदीर त्याची जागा लक्षात ठेवत. तीन आठवड्यांनी तिनं पाट खिडकीकडून दाराकडे हलवला. जुनी आठवण बदलायला त्यांना किती दिवस लागतात, ते तिला पाहायचं होतं.

पहिला उंदीर खिडकीकडे गेला नाही, दाराकडेही नाही. तो सरळ हौदाच्या मधोमध गेला आणि पाण्यात उभा राहिला. दुसराही तिथंच थांबला. आठही उंदीर एकामागून एक तिथंच; शेवटचा अजून पाण्यातच उभा होता.

तिला कोंडीबांचा संशय आला. पिंजरे तेच धूत, आणि खोलीची किल्लीही त्यांच्याकडेच असे.

"मामा, मधे दुसरा पाट ठेवलात ना? माझं दोन वर्षांचं काम आहे हे."

"आवं म्याडम, बिरोबाची आण, म्या पान्यात हातबी घातला न्हाई. तुमीच बगा की."

तिनं बाही वर करून हात घातला. उंदराच्या पायांखालून तो थेट तळाला लागला. उंदीर हलला नाही.

तरी तिचा विश्वास बसेना. कोंडीबांच्या चेहऱ्यावरची नजर न हटवता तिनं हौदाचं बूच उपसलं.

पाणी हळूहळू उतरलं. दाराजवळचा पाट उघडा पडला, मग सगळा तळ दिसला.

"म्याडम," कोंडीबा मागं सरकत म्हणाले.

उंदीर होता तेवढ्याच उंचीवर उभा राहून मिशा पुसत होता.