बयूमीची तिसरी शपथ

"गॅसचं सिलिंडर वर चढवायचं तर शेजारच्यांना हाका माराव्या लागतात, जावईबुवा, आणि म्हणे तुमच्या पूर्वजांनी पिरॅमिड रचला," तफीदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बदकाची तंगडी मोडली.

बयूमीने डोळे मिटून घेतले. आठवडाभर तो गीझात पर्यटकांना पिरॅमिड दाखवत फिरायचा. आणि रोज कुणीतरी त्याला बाजूला घेऊन, टोपी सावरत, हळूच विचारायचंच : खरं सांग, हे परग्रहावरच्यांनी बांधलंय ना? पोटासाठी तो हसून वेळ मारून न्यायचा. शुक्रवारी मशिदीतून घरी यावं, मुलूखियाची भाजी भातावर ओतून घ्यावी आणि आडवं व्हावं, एवढंच त्याचं मागणं होतं. पण शुक्रवारी सासू जेवायला यायची.

"रचायच्या आधी ओढले दगड, आई. घसरगाडीवर घालून, पुढची वाळू भिजवून. भिंतीवर चित्र आहे तसं."

"भिंतीवर ससाण्याचं डोकं लावलेला माणूसही आहे. आहे का तुमच्या खानदानात कुणी?"

"आई, पुरे," बयूमीची बायको नवारा म्हणाली. "भात घे."

"का पुरे? आभाळातून तबकड्या उतरल्या. दगड पिसासारखे वर गेले. ज्यांनी राबून काम केलं त्यांचं नाव नाही, आणि जे खाली उभं राहून कांदे खात होते त्यांचा जयजयकार! वर हे टीव्हीवाले. हिरवे दाखवतात मेले! हिरवे कुठून आले?"

"तुम्हीच सांगा. निळे होते का?"

"चेष्टा करा. करा चेष्टा."

"चेष्टा तुम्ही चालवली आहे," बयूमीचा आवाज चढला. "माझा बाप याच मातीतला, त्याचा बाप याच मातीतला. आमच्या लोकांची हाडं मोडली त्या दगडांखाली. आणि तुम्ही माझ्याच घरात, माझंच बदक खात, सगळं श्रेय कुठल्यातरी उडत्या ताटलीला देताय!"

"बदक मी आणलंय."

"बयूमी," नवारा घाईने म्हणाली, "जाऊ दे. शपथबिपथ घेऊ नकोस हं."

तिने ते म्हणायला नको होतं.

"तलाकची शपथ!" बयूमीने ताटावर हात आपटला. "मोठ्या पिरॅमिडचा एकेक दगड माणसाने लावलाय! एखादा जरी दुसऱ्या कुणी लावला असेल, तर माझ्या बायकोला तलाक!"

खाली गल्लीत एक गाढव ओरडलं.

तशी ही शपथ त्या वस्तीतले पुरुष उठता-बसता घ्यायचे. कलिंगड लाल निघेल याचीसुद्धा. पण बयूमीच्या दोन खर्ची पडल्या होत्या. पहिली फुटबॉलच्या सामन्यावर. त्याचा संघ हरला. दुसरी एका पाहुण्यावर : भरलेलं कबूतर आणखी एक खाल्लं नाहीस तर माझ्या बायकोला तलाक. पाहुण्याचं पोट खरंच भरलं होतं. दोन्ही वेळा मशिदीतल्या शेख मुतवल्लींनी मोडलेला संसार पुन्हा जुळवून दिला होता. तिसरीनंतर परतीची वाट नसते, हे गल्लीतल्या गाढवालाही ठाऊक होतं.

तफीदाबाईंनी हात पुसले. "नवारा, ऊठ. चादर घे, निघू."

नवारा रागाने लाल झाली होती, पण नवऱ्यावर नाही. "तुला गप्प बसवत नव्हतं का, आई? कधीतरी?"

बोलावल्यावर शेखसाहेब आले ते वामकुक्षी मोडल्याच्या चेहऱ्याने. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग चष्मा काढून डोळे चोळले.

"तलाक म्हणजे मीठ वाटलं का रे तुला? प्रत्येक घासाला लावतोस ते?"

"चुकलो, मौलाना."

"बोकडापासून अक्कल उसनी घे. तोही शिंग मारण्याआधी मागे सरकतो." त्यांनी सासूकडे पाहिलं. "आणि तुम्ही. या वयात तबकड्या?"

"खरं ते खरं," तफीदाबाई म्हणाल्या.

"आई!" नवारा कळवळली.

बयूमीला भरून आलं. संसार वाचवायला आपली बायको सख्ख्या आईशी भांडते आहे. लग्न झाल्यापासून तिने या वादात कधी तोंड घातलं नव्हतं. नेहमी विषय बदलायची.

शेखसाहेबांनी घसा साफ केला. "ऐका. बयूमीने जे खरं मानलं त्यावरच शपथ घेतली. ते खोटं आहे असं सांगणारा डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नाही. टीव्ही साक्षीदार होत नाही. ऐकीव गोष्टही नाही. तेव्हा संसार शाबूत."

"अल्लाचे उपकार!" बयूमी ओरडला.

"थांब. कुणाला प्रत्यक्ष पाहून ठाऊक असेल, तर आत्ताच बोला. माहीत असून गप्प राहायचं आणि या घरात नांदायचं, तर ते पाप जन्मभर त्याच्या मानेवर."

बयूमी हसला. "पाहिलेला साक्षीदार! पिरॅमिड बांधताना! चहा टाक ग नवारा, मौलानांना पुदिना जास्त घाल."

नवारा जागची हलली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं, सावकाश, एकेक गोष्ट लक्षात ठेवावी तसं. त्याच्या झग्यावर मुलूखियाचा हिरवा डाग पडला होता. तो तिने बाहीच्या टोकाने पुसून काढला. तफीदाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"किती वेळा सांगितलं तुला, बयूमी," नवारा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "शपथा घेऊ नकोस म्हणून."

"अगं पण मिटलं ना! रडतेस काय?"

तिने डोळे पुसले, चादर डोक्यावरून घेतली आणि शेखसाहेबांकडे वळली.

"दगडांच्या वरच्या ओळी आईच्या आहेत, मौलाना. मी लहान होते, म्हणून मला खालच्याच लावू दिल्या."