चेअरमनसाहेबांचं नाव

"ताई, त्या कोडमध्ये माझं नाव शोधा की. किती ठिकाणी येतंय बघू," चेअरमन खराडे खुर्ची पुढे ओढत म्हणाले. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरच्या करारावर त्यांची सही अजून व्हायची होती.

ते सॉफ्टवेअर शलाकाने लिहिलं होतं. नाव होतं, पण फक्त तिने कोडमध्ये स्वतःसाठी लिहिलेल्या टिपांमध्ये. दोन तिरक्या रेघांपुढचं यंत्र वाचत नाही, म्हणून मनातली सगळी आग तिने तिथेच ओकली होती. ‘खराडेंनी पुन्हा बटणाचा रंग बदलायला लावला. डोक्यात भुसा, दुसरं काय!’

तिने झटकन शोधाला रेगेक्सची चाळणी लावली: नाव शोध, पण तिरक्या रेघांच्या ओळी गाळ. उत्तर आलं, शून्य. तिचा जीव भांड्यात पडला.

खराडेंचा मात्र चेहरा लाल झाला. खुर्चीवरच्या माणसाला शिवी पचते, शून्य पचत नाही.

"संस्था मी उभी केली, आणि एकदासुद्धा नाव नाही? उचला तुमचा कागद!"

आता करारही जाणार आणि नोकरीही. देवाचं नाव घेऊन शलाकाने चाळणी काढली, सापडलेल्या ओळी पडद्यावर झाकल्या आणि नुसता आकडा दाखवला: एकेचाळीस.

"एकेचाळीस!" साहेबांची छाती फुगली. त्यांनी तिथल्या तिथे फर्रकन सही ठोकली.

शाई वाळायच्या आत ते म्हणाले, "त्या सगळ्या ओळींची प्रिंट काढा बरं. रविवारच्या सभेत मी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवणार!"