मोअर गुड

"खोली रिकामी आहे," थोरली म्हणाली. "सांग इंग्रजीत."

"रूम इज एम्प्टी."

"एम्प्टी म्हणजे आत खाट नाही, पडदा नाही, काहीच नाही. हॉटेलातली खोली रिकामी असते ती व्हेकंट. आत सगळं आहे, फक्त माणूस नाही."

दोघी जावा मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनला टेकून उभ्या होत्या. मशीन मुद्दाम लावलं होतं. त्याच्या घरघरीत इथलं बोलणं आत ऐकू जात नसे. आतल्या खोलीत सासूबाई जरा आडव्या झाल्या होत्या आणि शेजारच्या पलंगावर अर्धांगवायूनं अंथरूण धरलेले सासरे. धाकटीला एका हॉटेलातून फोन यायचा होता. स्वागतकक्षातली नोकरी, मुलाखत फोनवरच, सगळी इंग्रजीत. घरात कुणाला पत्ता नव्हता. आधी लागू दे, मग सांगू, असं दोघींचं ठरलं होतं.

"आता बादली रिकामी आहे."

"बादली एम्प्टी."

"आणि माणूस रिकामा असला तर?"

"तोही एम्प्टीच की!"

थोरलीला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला. "माणूस फ्री असतो. नाहीतर आयडल. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तो न्हावी आयडल."

"काय बाई ही भाषा! आपल्याकडे एका 'रिकाम्या'त सगळ्यांचं भागतं." धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. "मग ताई, तुम्ही कोणत्या?"

थोरलीनं मशीनवरचा साबणाचा डाग नखानं खरवडला. ती पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवायची. सासऱ्यांना झटका आला तेव्हा थोडे दिवस म्हणून घरी बसली. ते थोडे दिवस अजून चालू होते.

तेवढ्यात फोन वाजला. ठरल्या वेळेच्या आधीच.

धाकटी 'हॅलो' म्हणाली आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. पलीकडच्या गृहस्थांनी प्रश्न विचारला. पुन्हा विचारला. तिनं फोन थोरलीपुढे धरला. थोरलीनं जोरजोरात मान हलवली. धाकटीनं तो तिच्या कानाला लावला आणि हात सोडून दिला.

पडू नये म्हणून थोरलीनं फोन धरला. धरल्यावर बोलावंच लागलं.

पहिलं वाक्य अडखळलं. दुसरं नीट आलं. मग एकामागून एक येतच गेली. गृहस्थांनी विचारलं, पाहुणे लांबून दमून आलेत आणि त्यांची खोली तयार नाही, तर काय सांगाल?

"खोली व्हेकंट आहे, पण रेडी नाही, असं खरं तेच सांगेन," थोरली इंग्रजीत म्हणाली. "बसायला जागा देईन, पाणी विचारेन, आणि किती वेळ लागेल तेही सांगेन. थांबायला माणसाची ना नसते हो. पण किती थांबायचं हे कुणी सांगतच नाही, त्यानं माणूस खचतो."

गृहस्थ म्हणाले, "उद्या अकराला प्रत्यक्ष भेटायला या. नाव काय म्हणालात आपलं?"

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. आता फक्त धाकटीचं नाव सांगायचं, एवढंच उरलं होतं. तिनं तोंड उघडलं, तोच धाकटीनं फोन ओढून घेतला.

"सर, आय... दॅट नेम इज मी. नाऊ टॉकिंग, शी." जाऊबाईला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला आठवेना. "माय ताई. सर, शी इज मोअर गुड!"

"बेटर," थोरलीच्या तोंडून निघून गेलं. शाळा सोडली तरी खोड गेली नव्हती.

पलीकडे गृहस्थ मोठ्यानं हसले. "मग बेटर बाईंनाच पाठवा," म्हणाले आणि फोन ठेवला.

"हे काय केलंस तू?" थोरली कुजबुजली. आणि तेव्हा कुठे दोघींच्या लक्षात आलं की आपली कुजबुजही स्पष्ट ऐकू येतेय. मशीन थांबलं होतं. कधीचं थांबलं होतं, कुणास ठाऊक.

गॅलरीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. केस विस्कटलेले, चष्मा हातात.

"कोण आलंय? कोण बाई बोलत होती इथं?"

"कुणी नाही, आई," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "मोबाइलवर काहीतरी लागलं होतं."

सासूबाईंनी चष्मा लावला आणि गॅलरीभर नजर फिरवली. मशीन, बादली, दोन सुना. त्या परत वळणार, एवढ्यात थोरली म्हणाली, "मी बोलत होते."

"तू?"

"मीच." तिचा आवाज अजून फोनवरच्यासारखाच होता, तो खाली येत नव्हता. "उद्या अकराला मला बाहेर जायचंय."

"अकराला ह्यांची आंघोळ असते."

"हो."

"मग?"

"अकरालाच जायचंय, आई."

आतून सासऱ्यांचा कण्हण्याचा आवाज आला. कुशीवर वळवायची वेळ झाली की ते असे कण्हत. थोरलीची पावलं सवयीनं आपोआप निघाली आणि थबकली. त्या गॅलरीला दार एकच होतं, आणि सासूबाई ते अडवून तशाच उभ्या राहिल्या.